जुना पीसी, नवी हार्ड डिस्क: 137 जीबीच्या अडथळ्याची पार्श्वभूमी

जुन्या पीसीत मोठी हार्ड डिस्क लावली आणि ती अर्धीमुर्धीच दिसली, की पहिला संशय डिस्कवर जातो. वॉरंटीत बदलून आणलेली दुसरीही तेवढीच दिसते. खोट बहुतेक वेळा डिस्कवरच्या जागेचा पत्ता सांगण्याच्या पद्धतीत असते.

1983 मध्ये पीसीला 10 एमबीची डिस्क मिळाली, तेव्हा बायोसमध्ये (पीसी सुरू करणाऱ्या मूळ प्रोग्राममध्ये) सिलिंडरसाठी 10, हेडसाठी 8 आणि सेक्टरसाठी 6 बिट होते. सिलिंडर म्हणजे तबकड्यांवरचं वर्तुळ, हेड म्हणजे तबकडीची बाजू आणि सेक्टर म्हणजे त्या वर्तुळाचा 512 बाइटचा तुकडा; तिन्ही मिळून पत्ता. पुढे आलेल्या आयडीई (रुंद पट्टीच्या केबलने जोडायच्या) डिस्कची वाटणी वेगळी: 16, 4 आणि 8. दोन्हींतला लहान तो आकडा खरा, म्हणून 1024 सिलिंडर, 16 हेड, 63 सेक्टर; म्हणजे 528 एमबीला गाडी अडली. बायोसने आकडे फिरवून घ्यायला सुरुवात केली (सेटअपमधले ‘लार्ज’ आणि ‘एलबीए’ तेव्हाचेच), पण 8.4 जीबीला पुन्हा तेच. 1999च्या आसपासचे काही बायोस 33.8 जीबीपेक्षा मोठी डिस्क दिसताच गोठायचे. त्यावर उपाय म्हणून डिस्कवर क्षमता कापणारा जंपर (दोन पिना जोडणारी छोटी टोपी) आला. तो तसाच राहिलेली 80 जीबीची डिस्क आजही 32च दाखवते.

खरा घोळ 137 जीबीचा. एलबीएने, म्हणजे सेक्टरना सरळ ओळीने क्रमांक देण्याच्या पद्धतीने, सिलिंडर-हेड मोडीत काढले असं म्हणतात, पण पत्ता लिहायची रजिस्टरं (डिस्कमधले छोटे कप्पे) तीच राहिली. 16, 4 आणि 8 मिळून 28 बिट, म्हणजे 26 कोटी 84 लाख 35 हजार 456 सेक्टर. विंडोज 1024च्या पटीत मोजते, म्हणून हीच क्षमता 128 जीबी अशी दाखवते, त्यामुळे दुकानदार आणि गिऱ्हाईक एकाच मर्यादेबद्दल दोन आकडे सांगत भांडतात. 2002च्या एटीए-6 मानकाने (आयडीई डिस्कच्या नियमावलीने) 48 बिट दिले, तेही सुबक रीतीने: त्याच रजिस्टरांत दोनदा लिहायचं. केबल बदलायची गरज नाही.

वाद झाला तो विंडोजवरून. 2001च्या मूळ एक्सपीत ही 48 बिटची सोय चालू नव्हती. ती सर्व्हिस पॅक 1 (मायक्रोसॉफ्टचा सुधारणांचा संच) सोबत आली. विंडोज 2000 मध्ये सर्व्हिस पॅक 3 नंतरही रजिस्ट्रीत (विंडोजच्या सेटिंगच्या नोंदवहीत) स्वतः नोंद करावी लागे. बंद ठेवण्याच्या बाजूने सांगण्यासारखं होतं: विंडोजचा स्वतःचा ड्रायव्हर चालू होईपर्यंत वाचन बायोसच करतो. त्यामुळे बायोस जुना असेल आणि बूटची एखादी फाइल 137 जीबीच्या पलीकडे गेली, तर कालपर्यंत चालणारा पीसी आज उठत नाही.

पण बंद ठेवण्याची किंमत त्याहून मोठी होती. दुसऱ्या पीसीवर पूर्ण 160 जीबीचं पार्टिशन करून डिस्क मूळ एक्सपीच्या पीसीत लावली, तर सीमेपलीकडे लिहिताना पत्त्याचे वरचे बिट गळून पडतात आणि डेटा डिस्कच्या सुरुवातीला, थेट पार्टिशन टेबलच्या (डिस्कच्या भागांच्या यादीच्या) परिसरात, जाऊन बसतो. डिस्क भरत येईपर्यंत कळत नाही. सीमा दिसताच लिहिणं नाकारलं असतं तरी चाललं असतं. गुपचूप लिहू देणं समर्थनीय नव्हतं. सर्व्हिस पॅक नसलेल्या सीडी पुढे कितीतरी वर्षं हातोहात फिरत होत्या, हेही विसरू नये.

नंतरच्या अडचणी सुटसुटीत. आयडीईनंतर आलेल्या साटा जोडणीच्या मदरबोर्डवरच्या काही जुन्या साउथब्रिज चिपना सेकंदाला 3 गिगाबिट वेगाची डिस्क ओळखता येत नसे, डिस्कला 1.5 गिगाबिटवर बांधणारा जंपर लावायचा. 4096 बाइटचे सेक्टर आले, तेव्हा एक्सपीचं पार्टिशन 63व्या (512 बाइटच्या) सेक्टरपासून सुरू होऊन नव्या सेक्टरांच्या सीमेशी जुळत नसल्याने डिस्क रखडायची. एमबीआर, म्हणजे जुन्या पद्धतीचं पार्टिशन टेबल, 2.2 टीबीला संपतं. जुना ड्रायव्हर 3 टीबीची डिस्क 746 जीबीची दाखवतो.

अलीकडे काही डिस्क जुन्या एसएमपीएसवर (पीसीच्या वीजपुरवठ्यावर) फिरतच नाहीत. साटा पॉवरची तिसरी पिन पूर्वी 3.3 व्होल्ट द्यायची; नव्या मानकात तिथे वीज आली की डिस्क बंद राहते. मोलेक्सवरून (जुन्या चार पिनांच्या वीजजोडावरून) साटा करणारी साधी कन्व्हर्टर केबल लावली की ती फिरू लागते, कारण त्या केबलमध्ये 3.3 व्होल्टची तारच नसते.