व्यावसायिक गरम पाण्याची यंत्रणा: परवानगीचा अर्ज, पात्रता आणि लागणारी कागदपत्रं

हॉटेल, रुग्णालय, वसतिगृह किंवा लॉन्ड्रीसाठी मोठी वॉटर हीटिंग यंत्रणा बसवायची असेल, तर हीटर विकत घेण्याआधी अर्ज करा. बरेच जण आधी टाकी आणून ठेवतात आणि मग छाननीत कळतं, की खोलीत पुरेशी हवा येत नाही किंवा धुराची नळी बाहेर काढायला जागाच नाही. नकाशात बदल करायला एक दिवस पुरतो; बसवलेली टाकी हलवायची तर भिंतही फोडावी लागते.

परवानगी लागते की नाही, हे टाकीची क्षमता, उष्णतेचा भार (पाणी तापवायला किती उष्णता लागते), दाब आणि इंधन यांवर ठरतं. वाफ तयार करणारी किंवा दाबाखाली पाणी १०० अंश सेल्सिअसच्या वर नेणारी यंत्रणा साधारणपणे बॉयलरच्या कडक नियमांत मोडते. नेमक्या मर्यादा जागेनुसार बदलतात, त्यामुळे स्थानिक परवाना कार्यालयाकडून त्या लेखी घ्या. जुना हीटर काढून नवा बसवतानाही ही चौकशी करा, विशेषतः इंधन किंवा क्षमता बदलत असेल तर.

अर्ज सहसा जागेचा मालक करतो. भाडेकरू करत असेल तर मालकाचं संमतिपत्र जोडावं. प्रत्यक्ष काम मात्र परवानाधारक ठेकेदाराकडूनच करून घ्यायचं. गॅस आणि वीज या दोन्ही कामांचे परवाने वेगळे असू शकतात, म्हणून दोन्हींच्या प्रती घ्या आणि त्यांची मुदत तपासा.

फाइलमध्ये जागेचा नकाशा, पाइपिंगचं रेखाचित्र, हीटरच्या नामपट्टीवरची माहिती, उत्पादकाची पुस्तिका, उष्णतेच्या भाराचं गणित आणि गॅस किंवा वीज जोडणीची मंजुरी लागते. भाराचं गणित अंदाजाने भरू नका. १,००० लिटर पाणी ४० अंशांनी तापवायला साधारण ४६.५ युनिट ऊर्जा लागते, शिवाय वाया जाणारी उष्णता वेगळी. हे पाणी किती वेळात तापलेलं हवं, त्यावर बर्नरची किंवा विजेची क्षमता ठरते.

सगळ्यात जास्त लक्ष सेफ्टी व्हॉल्व्हच्या कागदांकडे द्या. पाणी १० अंशांवरून ६० अंशांवर गेलं की सुमारे १.७ टक्के फुगतं, म्हणजे हजार लिटरमागे जवळपास १७ लिटर. नॉन-रिटर्न व्हॉल्व्हमुळे मागचा रस्ता बंद असेल, तर या पाण्यासाठी एक्स्पान्शन टँक हवाच. थर्मोस्टॅट बिघडून तापमान वाढतच गेलं, तर शेवटचा आधार असतो तापमान व दाब या दोन्हींवर उघडणारा रिलीफ व्हॉल्व्ह. त्याचा उघडण्याचा दाब टाकीच्या कमाल दाबापेक्षा जास्त नसावा. त्याची निचरा नळी उताराने खाली, सुरक्षित आणि दिसेल अशा जागी सुटलेली असावी. त्या नळीवर कॉक बसवायचा नाही आणि तिचं तोंड कधीही बंद करायचं नाही. गळतंय म्हणून बूच मारलेली नळी म्हणजे स्फोटाला आमंत्रण.

इंधनावर चालणाऱ्या हीटरसाठी ताज्या हवेचा मार्ग आणि धुराची नळी रेखाचित्रात दाखवावी लागते. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. त्यामुळे त्याचा अलार्म नियमांत सक्तीचा नसला तरी बसवा.

काम झाल्यावर दाब चाचणी, अर्थिंग आणि गॅसगळतीची तपासणी होते. निरीक्षक येईपर्यंत पाइपांवर प्लास्टर किंवा आच्छादन करू नका, नाहीतर ते उघडावं लागेल. मंजुरीपत्र हातात येईपर्यंत यंत्रणा वापरात आणू नये.

चालवताना तापमानाचा प्रश्न नाजूक आहे. न्यूमोनियासारखा आजार करणारे लिजिओनेला जिवाणू पाण्यात साधारण २० ते ४५ अंशांत वाढतात, म्हणून साठवण ६० अंशांच्या आसपास ठेवतात. पण एवढं गरम पाणी काही सेकंदांत त्वचा भाजतं. त्यासाठी नळ आणि शॉवरच्या आधी थंड पाणी मिसळून तापमान ठरावीक ठेवणारा थर्मोस्टॅटिक मिक्सिंग व्हॉल्व्ह असतो. लहान मुलं, वृद्ध आणि रुग्ण जिथे पाणी वापरतात तिथे तो टाळूच नका. रोजचं तापमान, रिलीफ व्हॉल्व्हची चाचणी, क्षार काढणं आणि अ‍ॅनोड (टाकीऐवजी स्वतः गंजणारा धातूचा दांडा) बदलणं यांची नोंदवही यंत्राजवळ ठेवा. परवाना मुदतीचा असेल, तर नूतनीकरणाच्या वेळी तीच मागितली जाऊ शकते.