मर्यादा रांगेची नव्हे: बॅच जॉबच्या एका आकड्याची पार्श्वभूमी

गळीत हंगामात सांगली परिसरातील साखर कारखान्यांच्या आवारात उसाच्या गाड्या रात्रभर थांबलेल्या असतात. परंतु एका वेळी किती गाड्या रिकाम्या होतील हे आवार नव्हे, गव्हाण, म्हणजे ऊस आत ओढून नेणारा पट्टा, ठरवते. आयबीएमच्या मिडरेंज (मध्यम आकाराच्या) संगणकावर बॅच जॉब, म्हणजे रांगेत लावून पाठीमागे चालणारी कामे, का खोळंबले याचा शोध घेणारा नवा ऑपरेटर हाच भेद विसरतो आणि वर्क विथ जॉब क्यूच्या, म्हणजे जॉबची रांग दाखवणाऱ्या, पडद्यावर एका वेळी किती जॉब चालतील या मर्यादेचा आकडा शोधत बसतो. हा आकडा तिथे नसण्यामागे जुना इतिहास आहे.

१९६४ साली जाहीर झालेल्या आयबीएमच्या सिस्टिम/३६० या संगणकांच्या काळात एकाच यंत्रावर अनेक कामे चालू लागली, तेव्हा रांग निराळी आणि तिच्यातून काम उचलणारा ‘इनिशिएटर’ निराळा अशी विभागणी रूढ झाली. एका वर्गाची किती कामे एकदम चालतील हे त्या वर्गासाठी सुरू असलेल्या इनिशिएटरांच्या संख्येवर अवलंबून असे. पुढे आयबीएमच्या रोचेस्टर येथील अभियंत्यांनी १९७८ साली जाहीर झालेल्या सिस्टिम/३८ मध्ये प्रत्येक गोष्टीला स्वतंत्र ऑब्जेक्टचे रूप दिले. जॉब क्यू हा एक ऑब्जेक्ट, सबसिस्टिमचे (रांगेतून जॉब उचलून चालवणाऱ्या विभागाचे) वर्णन हा दुसरा, आणि या दोहोंना जोडणारी नोंद सबसिस्टिमच्या वर्णनात. एका वेळच्या कमाल जॉबचा आकडा, म्हणजे मॅक्सॲक्ट, याच नोंदीत राहतो. २१ जून १९८८ रोजी आलेल्या एएस/४०० ने ही रचना पुढे नेली, आणि नावे बदलत २००८ साली ‘आयबीएम आय’ झालेल्या प्रणालीतही ती टिकून आहे.

ही मांडणी वरवर आडवळणाची वाटली तरी तिच्यात व्यवहारज्ञान आहे. एकच रांग अनेक सबसिस्टिमच्या वर्णनांत नोंदवता येते, मात्र एका वेळी एकच चालू सबसिस्टिम तिचा ताबा घेऊ शकते. त्यामुळे दिवसा एक आणि रात्री पाच जॉब असा बदल रांगेला हात न लावता करता येतो.

नोंद करताना आकडा दिला नाही, तर तो १ धरला जातो. पुष्कळांना ही कंजुषी वाटते. मला ती शहाणपणाची वाटते. आमच्याकडे पंधरवड्याच्या ऊसबिलाचा हिशेब आणि सोसायटीच्या कपाती हे जॉब एकामागून एक चालतील, असे गृहीत धरूनच प्रोग्राम लिहिले होते. कोणीतरी मर्यादा ३ केली, कपातीचा जॉब हिशेब पुरा होण्याआधीच धावला, आणि सगळी बिले पुन्हा काढावी लागली.

आकडा पाहण्याची जुनी वाट म्हणजे डीएसपीएसबीएसडी ही सबसिस्टिमचे वर्णन दाखवणारी आज्ञा देऊन जॉब क्यूच्या नोंदींचा पर्याय ६ घेणे. आता क्यूसिस२ लायब्ररीतील जॉब क्यू इन्फो हा एसक्यूएलने वाचता येणारा व्ह्यू (तयार तक्ता) मर्यादा आणि चालू जॉब एकाच ओळीत दाखवतो. डीएसपीएसबीएसडीच्या त्याच पडद्यावर १ ते ९ या प्राधान्यांच्या वेगळ्या मर्यादाही असतात, आणि नजर बहुधा तिथे पोहोचत नाही: मॅक्सॲक्ट ५ असूनही प्राधान्य ५ ची मर्यादा १ असेल, तर नेहमीचे जॉब त्याच प्राधान्याने येत असल्यामुळे एकेकच सुटतात.