उत्प्रेरक लांबून बघत बसत नाही

लातूरपासून नांदेडपर्यंत क्लासच्या नोट्समध्ये उत्प्रेरकाबद्दल (म्हणजे रासायनिक अभिक्रिया वेगानं व्हावी म्हणून घातलेल्या पदार्थाबद्दल) एक वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय: ‘उत्प्रेरक अभिक्रियेत भाग घेत नाही, फक्त तिचा वेग वाढवतो.’ एका गुणापुरतं चालतं, पण ते चूक आहे. तो शेवटी परत मिळतो एवढंच खरं. मधल्या काळात तो पुरता गुंतलेला असतो.

आपल्याकडच्या उसाच्या मळीचंच घ्या. मळीपासून अल्कोहोल, अल्कोहोलपासून ॲसिटाल्डिहाइड, आणि हवेतल्या ऑक्सिजननं त्याचं ऑक्सिडीकरण केलं की ॲसिटिक आम्ल, म्हणजे व्हिनेगरमधलं आम्ल. या शेवटच्या टप्प्यात उत्प्रेरक म्हणून थोडंसं मँगनीज ॲसिटेट, म्हणजे मँगनीज धातूचा एक क्षार, घालतात. तीन धनभारांचा मँगनीज आयन (विद्युतभार असलेला अणू) ॲसिटाल्डिहाइडकडून एक इलेक्ट्रॉन घेतो आणि स्वतः दोन धनभारांचा होतो. मागे उरलेला मुक्त मूलक (एकट्या इलेक्ट्रॉनमुळे फार क्रियाशील झालेला तुकडा) ऑक्सिजन पकडतो, त्यातून परॲसिटिक आम्ल (ॲसिटिक आम्लापेक्षा एक ऑक्सिजन जास्त असलेलं) बनतं, आणि तेच मँगनीजला पुन्हा तीन धनभारांवर नेतं. भाग न घेता हे कसं होणार?

‘फक्त वेग’ हेही अर्धवटच. मँगनीज नसेल तर परॲसिटिक आम्ल साचतं, आणि ते स्फोटक आहे. मँगनीज असलं की हे परॲसिटिक आम्ल ॲसिटाल्डिहाइडशी जुळून ॲसिटिक आम्लात बदलतं. कोबाल्ट आणि तांब्याचे क्षार एकत्र वापरले, तर सोबत ॲसिटिक अनहायड्राइडही (ॲसिटिक आम्लाच्या दोन रेणूंमधून पाणी वजा केलं की उरणारं संयुग) हाती येतं. म्हणजे धातू बदलला की मालही बदलतो.