पार्श्वभूमी : झाडीपट्टीचा नाटककार आणि सिनेमाची वाट

नाटककार सिनेमात गेला म्हटलं की मराठी माणसाला आधी आठवतात आचार्य अत्रे. १९३३ मध्ये ‘साष्टांग नमस्कार’ हे नाटक, १९३८ मध्ये ‘ब्रह्मचारी’ या सिनेमाची कथा, १९५३ मध्ये दिग्दर्शक म्हणून ‘श्यामची आई’ आणि तिला राष्ट्रपतींचं सुवर्णपदक. पण अत्र्यांच्या काळात पुणे-कोल्हापूरकडे स्टुडिओ हाकेच्या अंतरावर होते. विदर्भाच्या खेड्यांत नाटक भरपूर, स्टुडिओ एकही नाही.

यवतमाळ जिल्ह्यातल्या पारव्यात १९३९ साली जन्मलेले नाटककार महेश एलकुंचवार पडद्यापर्यंत पोहोचले ते लेखणीच्या जोरावर. त्यांच्या ‘पार्टी’वर गोविंद निहलानींनी आणि ‘होळी’वर केतन मेहतांनी १९८४ च्या सुमारास सिनेमे केले. दोन्ही विषय शहरी, आणि कॅमेरा दुसऱ्यांचा.

झाडीपट्टीचं गणित मात्र निराळंच. चंद्रपूर, गडचिरोली, भंडारा, गोंदिया हा धानाचा पट्टा. दंडार या इथल्या लोकनाट्याच्या परंपरेतून इथलं नाटक वाढलं. दिवाळीनंतर धान घरात आलं की मंडई म्हणजे गावची जत्रा भरते, शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती होतात आणि रात्री नाटक. गडचिरोली जिल्ह्यातलं देसाईगंज-वडसा ही या धंद्याची राजधानी. गावातलं मंडळ तिथे जाऊन नाटक ठरवतं, शामियाना घालतं, तिकिटं लावतं. रात्री सुरू झालेला प्रयोग पहाटेपर्यंत चालतो. थंडीत लोक घोंगडी-चादरी घेऊनच येतात. तालमी कमी, म्हणून विंगेतून संवाद सांगणारा प्रॉम्प्टर हवाच. विनोदी पात्र झाडीबोलीत, म्हणजे इथल्या बोलीत, बोललं की शामियाना हसून दणाणतो. अशाच विनोदी भूमिका गाजवणाऱ्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली. पुण्या-मुंबईच्या बऱ्याच जाणकारांना झाडीपट्टी ठाऊक झाली ती तेव्हाच, हे जरा लाजिरवाणंच.

अशा ठिकाणचा लेखक सिनेमाकडे का वळतो? हंगाम होळीच्या सुमारास आटोपतो आणि पुढचे महिने हात रिकामे असतात. डिजिटल कॅमेऱ्याने खर्चही आवाक्यात आणला. पण खरी अडचण पुढेच आहे. नाटक लिहिताना त्याला प्रेक्षकांचा प्रश्नच पडत नाही, कारण गाव आधीच ठरवून बसलेलं असतं. सिनेमा केला की चित्रपटगृह शोधावं लागतं, आणि तालुक्याच्या गावी ते असेलच असं नाही. शिवाय रात्रभर रेंगाळणारा प्रवेश, रडण्याच्या ऐन क्षणी येणारं गाणं आणि ‘वन्समोअर’ हे सगळं त्याच्या हाडीमासी भिनलेलं. दोन तासांच्या सिनेमासाठी त्याला स्वतःच्याच लिखाणावर कात्री चालवावी लागते.

दिग्दर्शक तृशांत इंगळे यांनी २०२२ च्या ‘झॉलीवूड’मध्ये वेगळा मार्ग काढला. त्यांनी झाडीपट्टीचं नाटक पडद्यावर उचलून ठेवलं नाही. नाटक करणारी माणसं आणि त्यांचा धंदा हाच सिनेमाचा विषय केला. माझ्या मते आजवर या वाटेवर पडलेलं सगळ्यात शहाणं पाऊल हेच.