उभ्या विमानाचं इंजिन का गंजतं?

'विमान बरेच दिवस उभं आहे? मग आठवड्यातून दहा मिनिटं जागेवरच इंजिन फिरवा, गंजणार नाही.' हँगरमध्ये हा सल्ला हमखास ऐकू येतो. इंजिन लवकर गंजवायचं असेल तर तो जरूर पाळावा.

एक लिटर पेट्रोल जळलं की जवळजवळ एक लिटर पाणी तयार होतं. बहुतेक वाफ धुराबरोबर जाते, पण थोडी पिस्टनच्या रिंगांमधून क्रँककेसमध्ये, म्हणजे इंजिनाच्या मुख्य कवचात, उतरते. उड्डाणात तेल 80 अंश सेल्सिअसच्या आसपास तासभर राहिलं तर ती ब्रीदरवाटे (कवचाच्या हवानळीतून) निघून जाते. दहा मिनिटांत तेल तेवढं तापतच नाही. ती वाफ आतच थिजते आणि ज्वलनातून आलेली आम्लंही त्या पाण्यात उतरतात.

सेस्ना 172 मध्ये असतात त्या लायकॉमिंग इंजिनांत कॅमशाफ्ट (झडपा उघडणारा दांडा) क्रँकशाफ्टच्या (पिस्टन फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) वर असतो. विमान उभं राहिलं की तेल निथळून तळाशी जातं आणि कॅमशाफ्टवरचे उंचवटे, म्हणजे लोब, उघडे पडतात. त्यांवर गंजाने सुईच्या टोकाएवढे खड्डे पडतात. पुढच्या उड्डाणांत टॅपेट (लोबचा धक्का झडपेकडे नेणारा भाग) त्यावर घासून कपचे काढतो. मग तेलाचा फिल्टर कापून पाहिला की चुंबकाला चिकटणारा चुरा दिसतो.

नुसतं तेल लोखंडाला धरून राहत नाही, हे खरं दुखणं. पोलादावर ऑक्साइडचा पातळ थर असतोच आणि त्याला तेलापेक्षा पाण्याची ओढ जास्त. त्यामुळे पाणी तेलाला बाजूला सारून धातूपर्यंत पोचतं. तेलात वेगळं मिसळायच्या रसायनातल्या, म्हणजे पूरकातल्या, गंजरोधक रेणूची रचना इथेच कामी येते. त्याचं डोकं ध्रुवीय (विद्युतभार असमान वाटलेलं), उदाहरणार्थ सल्फोनेट गट; शेपटी कार्बनच्या लांब साखळीची. डोकी धातूवर पाण्याआधी बसतात, विरार लोकलमध्ये खिडकी पकडून बसलेल्यांसारखी, आणि सहजी उठत नाहीत. शेपट्या बाहेर उभ्या राहतात, एकमेकींना व्हॅन डर वाल्स बलाने (रेणूंमधल्या हलक्या ओढीने) धरतात आणि मधल्या फटींत तेल अडकवून ठेवतात. लोखंडाने इलेक्ट्रॉन सोडायचे, ऑक्सिजन आणि पाण्याने ते घ्यायचे आणि आयनांनी मंडल पूर्ण करायचं, असा गंजाचा विद्युत-रासायनिक व्यवहार असतो. या जलद्वेष्ट्या थरामुळे तो रखडतो. कायमचा थांबत मात्र नाही. शिवाय याच जागेसाठी झीजरोधक रेणूही धडपडत असतात, म्हणून गंजरोधकाची मात्रा वाढवली तर गंज वाचेल पण झीज वाढेल.

गाडीसाठीची पूरकाची 'जादूची' बाटलीही विमानात ओतू नये. मोटारतेलांतल्या बऱ्याच पूरकांत कॅल्शियम, जस्त असे धातू असतात. ते जळून राख उरते, ती सिलिंडरमध्ये तापून लाल होते आणि ठिणगीच्या आधीच मिश्रण पेटवते. विमानाचं तेल राखविरहित असतं ते याचसाठी. इंजिनाच्या उत्पादकाने मान्य केलेलंच पूरक, सांगितलेल्या प्रमाणात घालावं. काही विमानतेलांत ते आधीच असतं, तेव्हा डबा वाचावा.

जुहूसारख्या समुद्राकाठच्या धावपट्टीवर, पावसाळ्यात, विमान महिनाभराहून जास्त उभं राहणार असेल तर पूरकावर विसंबू नये. परिरक्षक (उभ्या इंजिनाला गंजापासून जपणारं) तेल भरावं आणि स्पार्क प्लगच्या जागी सिलिका जेलचे डिहायड्रेटर (ओलावा शोषणारे) प्लग लावावेत. त्यातले निळे दाणे गुलाबी झाले की प्लग बदलायचे.