दोन रात्री आणि मधला सोमवार: 'इट'ची पार्श्वभूमी

१८ नोव्हेंबर १९९०, रविवार. अमेरिकेतल्या एबीसी या मोठ्या वाहिनीवर रात्री नऊला, स्टीफन किंगच्या भयकादंबरीवरून केलेल्या 'इट' या लघुमालिकेचा पहिला भाग लागला. दुसरा लागला मंगळवारी, २० तारखेला. मध्ये एक दिवस रिकामा गेला, कारण त्या हंगामात सोमवारची रात्र त्या वाहिनीवर फुटबॉलची असे. रविवारी लोक टीव्ही बंद करून उठले तेव्हा डोळ्यांसमोर शेवटचं दृश्य होतं ते न्हाणीघराचं: टबमध्ये निपचित पडलेला एक पुरुष आणि भिंतीवर रक्ताने लिहिलेलं दोन अक्षरांचं इंग्रजी सर्वनाम. ते घेऊन सगळा सोमवार काढायचा होता.

कादंबरी मालिकेने बिघडवली का, पहिल्या भागानंतर दुसरा ढासळतो का, असा या लघुमालिकेवर आजवर जेवढा वाद झाला, त्याचं मूळ या दोन रात्रींच्या मांडणीत आहे. गोष्ट थोडक्यात अशी: एका गावात जोकराच्या रूपात मुलांना मारणारं संकट आणि त्याच्याशी आधी लहानपणी, मग मोठेपणी झुंजणारे सात जण. तो जोकर, गटारातला लाल फुगा, याहून जास्त आता सांगावं लागत नाही. पण ती चार तासांच्या साच्यात कशी आली आणि तशी आल्यामुळे तिचं काय झालं, हे नीट सांगितलं जात नाही.

मूळ कादंबरी १९८६ची, अकराशेहून अधिक पानांची. लेखकाला तिची कल्पना सुचली १९७८ साली, कोलोरॅडो राज्यातल्या बोल्डर गावी, एका लाकडी पुलावरून संध्याकाळी एकटं चालत जाताना. पुलाखाली राक्षस राहतो आणि वरून जाणाऱ्या बोकडांना अडवतो, ही तिकडच्या बाळगोपाळांची गोष्ट त्याला आठवली. लिहायला बसेपर्यंत १९८१ उजाडलं होतं आणि तोवर तो मेन राज्यातल्या बँगर शहरात राहायला आला होता. कादंबरीतलं डेरी गाव काल्पनिक, पण त्याच्या अंगावर बँगरच्या खुणा आहेत. १९८४च्या उन्हाळ्यात बँगरमध्ये एका समलिंगी तरुणाला पोरांच्या टोळक्याने पुलावरून ओढ्यात फेकलं आणि त्यात तो बुडून मेला. ही खरी घटना जवळपास जशीच्या तशी कादंबरीत आली आहे. मालिकेत ती नाही. हे पुढच्या वादासाठी लक्षात ठेवावं.

लेखकाची पिढी १९५०च्या दशकात वाढलेली. शनिवारी दुपारच्या खेळाला लांडगामाणूस, ममी असले सिनेमे पाहायचे आणि रात्री पांघरूण डोक्यावरून ओढून घ्यायचं, हे त्या मुलांचं बालपण. कादंबरीतलं संकट प्रत्येक मुलापुढे त्याच्या स्वतःच्या भीतीचं सोंग घेऊन येतं. म्हणून तिथे एक भूत नसतं, जितकी मुलं तितकी भुतं असतात. छोट्या पडद्यासाठी ही मोठीच अडचण होती. प्रत्येक मुलाला त्याची भीती द्यायची तर प्रत्येकाला वेळ द्यावा लागतो.

आणि वेळ सुरुवातीला होता. पहिला बेत आठ ते दहा तासांच्या मालिकेचा होता. दिग्दर्शक म्हणून झोंबीपटांसाठी जगभर नावाजलेला माणूस ठरला होता. मग वाहिनी मागे सरली. याला तेव्हाच्या काळाचं कारण आहे. १९७७ साली याच वाहिनीने गुलामगिरीवरची मालिका सलग आठ रात्री दाखवून अख्खा देश घरी बसवला होता आणि लांब लघुमालिकेचं युग सुरू केलं होतं. १९८८-८९ मध्ये दुसऱ्या महायुद्धावरची सुमारे ३० तासांची मालिका याच वाहिनीने काढली आणि तिच्यात प्रचंड पैसा बुडाला. त्यानंतर लांब मालिका म्हटलं की वरच्या मजल्यावर कपाळाला आठ्या पडत. त्यात हा विषय भयकथेचा, मरणारी मुलं लहान. तास कमी होत होत चारावर आले आणि तो दिग्दर्शकही प्रकल्पातून बाहेर पडला. जाहिराती वजा केल्या तर हातात उरली सुमारे तीन तास बारा मिनिटं.

त्या वेळी ज्याच्या हाती पटकथा होती, त्याने याच लेखकाच्या पहिल्या कादंबरीवरून १९७६ साली चित्रपट लिहिला होता. कादंबरीची बांधणी कशी आहे ते आठवा. १९५७-५८ मधली मुलं आणि १९८४-८५ मधले तेच मोठे झालेले लोक, ही दोन सूतं एकमेकांत विणलेली आहेत. शेवटाकडे तर वाक्य एका काळात सुरू होऊन दुसऱ्या काळात संपतं. चार तासांत ही वीण जमणार नव्हती. मग कात्री अशी चालली: पहिली रात्र मुलांची, दुसरी मोठ्यांची. साल पुढे सरकवून १९६० आणि १९९० केलं. गावाचा जुना इतिहास, जाळपोळी, दंगली, पुलावरचा तो खून, म्हणजे संकटाला पोसणारी गावाची स्वतःची दुष्टाई, जवळजवळ सगळी गेली. कादंबरीवर जीव असलेल्या वाचकांची खरी तक्रार इथे आहे आणि ती रास्त आहे. गाव नुसतं नेपथ्य होऊन बसलं. तेही कॅनडातलं, कारण चित्रीकरण व्हँकुव्हर आणि आसपास झालं.

पण त्याच वाचकांची दुसरी तक्रार मला मान्य नाही. दोन रात्री वेगळ्या केल्या आणि गोष्टीचा कणा मोडला, असं म्हणतात. मालिका परत नीट बघा. पहिली रात्र सरळ बालपणाची नाहीच. त्या सात मुलांपैकी गाव न सोडलेला एकटा, आता ग्रंथपाल असलेला, फोन करत बसतो. एकूण सहा फोन. गाव सोडून गेलेल्यांना काहीच आठवत नाही. फोनवर त्याचा आवाज येतो आणि त्या आवाजासरशी दडपलेली एक एक आठवण उघडते. कोणी लंडनजवळच्या घरात, कोणी कामाच्या धबडग्यात, आणि क्षणात तो दहा-बारा वर्षांचा होतो. जाहिरातींसाठी दर काही मिनिटांनी गोष्ट एका टोकाला आणून थांबवावीच लागायची. पटकथेने त्या सक्तीचा उपयोग करून घेतला: एक फोन, एक माणूस, एक भीती, थांबा. जाहिरातींच्या तुकड्यांतच बसवून दोन काळांची वीण त्यांनी राखली. शेवटचा फोन ज्याला जातो त्याला ती आठवण पेलत नाही आणि तिथे रविवार संपतो. हा शेवट आठ तासांच्या मालिकेत इतका टोकदार झाला नसता असं माझं मत आहे.

वाहिनीचे नियम होते, रक्त आणि मुलांवरची हिंसा किती दाखवायची याला मर्यादा होत्या. तीही गोष्ट नुकसानीच्या खात्यात टाकली जाते. सुरुवातीचाच प्रसंग घ्या. थोरला भाऊ आजारी, अंथरुणात बसून धाकट्याला कागदी होडी करून देतो. होडी भिजू नये म्हणून तिला मेण लावायचं असतं आणि ते तळघरात असतं. धाकट्याला तळघराच्या अंधाराची भीती वाटते. आपल्याकडेही पहिल्या पावसात होड्या सोडलेल्या प्रत्येकाला पुढचं कळतं: होडी गटाराच्या तोंडाशी जाते, पिवळ्या रेनकोटातला मुलगा वाकतो, आतून गोड आवाज येतो. जोकराचे दात दिसतात आणि कॅमेरा तिथेच थांबतो. कादंबरीत पुढे काय होतं ते वाचलेल्यांना ठाऊक आहे. पडद्यावर ते न दाखवल्यामुळे ज्याच्या-त्याच्या डोक्यात ते स्वतःचं स्वतः घडलं.

आणि न्हाणीघर. मुलगी बेसिनपाशी उभी आहे. भोकातून मुलांचे आवाज येतात, मग लाल फुगा वर येतो, फुगत फुगत फुटतो, आणि भांडं, आरसा, तिचे कपडे सगळं रक्ताने माखतं. बाप ओरडत आत येतो. बेसिनकडे बघतो. त्याच्या दृष्टीने ते पांढरंशुभ्र आहे. मुलगी क्षणभर बोलायला जाते आणि थांबते, कारण या बापाला सांगून काही उपयोग नाही, मार मात्र मिळेल. संपूर्ण कादंबरीचा गाभा या एका मिनिटात आहे: मोठ्यांना दिसत नाही. रक्त दाखवायला परवानगी मिळाली ती बहुधा भोकातून आलं म्हणून, कोणाच्या अंगातून नाही.

जोकराच्या रंगभूषेचीही हकिगत सांगायला हवी. आधीचे आराखडे रबराचे तुकडे चिकटवून चेहरा बदलण्याचे होते. भूमिका करणारा ब्रिटिश नट काही वर्षांपूर्वी एका चित्रपटात शिंगं आणि लाल कातडीखाली पुरता झाकला गेला होता. तसं पुन्हा नको, चेहरा हलू द्या, असा त्याचा आग्रह होता. तुकडे कमी झाले. म्हणून भुवया, ओठ, गालांचं हसू त्याचं स्वतःचं राहिलं आणि भीती बसली ती त्या हसण्याची. एखाद्या वाढदिवसाला बोलावलेला साधा जोकर जसा असेल तसाच हा दिसतो. सर्कशीतल्या जोकरालाच मुलं घाबरू लागली याचं खापर त्यानंतर या मालिकेवर फुटत आलं आहे. त्यात तथ्य असेलही, पण १९७८ मध्ये शिकागोजवळ पकडल्या गेलेल्या, मुलांच्या कार्यक्रमांत जोकर बनणाऱ्या खुन्याच्या बातम्या अमेरिकेने त्याआधीच वाचल्या होत्या.

मंगळवारची रात्र पडली ती मात्र खरोखर पडली. दुसऱ्या भागाची पटकथा दिग्दर्शकाने बरीचशी पुन्हा लिहिली. त्यात जे उभं राहतं ते तेव्हाच, जेव्हा मोठी माणसं पुन्हा लहान होतात: वाचनालयात फुगे फुटून वाचकांच्या तोंडावर रक्त उडतं, त्यांना पत्ता नसतो, आणि चाळिशीचा माणूस एकटाच थरथरत उभा राहतो. बाकी वेळ संसार, नोकरी, जुनं प्रेम. शेवटी जमिनीखाली येतो मोठा कोळी. यंत्राचा, हलताना कळणारा. कादंबरीतही कोळी आहेच, पण तिथे तो मनाला झेपेल एवढं एक रूप आहे, खरं रूप त्यापलीकडचं. पडद्यावर कोळी म्हणजे कोळीच राहिला. पहिल्या रात्री दम्याच्या पंपातलं साधं औषध 'हे अ‍ॅसिड आहे' असं मानून फवारलं आणि खरंच चटका बसला. मुलांच्या विश्वासाला एवढी ताकद देणाऱ्या गोष्टीचा शेवट मोठ्या माणसांनी कोळ्याचं पोट फोडून करावा, हे आजही टोचतं.

तरी बघणाऱ्यांनी पाठ फिरवली नाही. सुमारे तीन कोटी लोकांनी ती पाहिली, संगीताला एमी पुरस्कार मिळाला. पुढे कॅसेट आल्या आणि नंतर डीव्हीडीवर दोन्ही रात्री जोडून सलग एकच तीन तासांचा 'चित्रपट' झाला. मधला सोमवार गेला. आपल्याकडे ज्यांनी ती पाहिली त्यांतल्या बहुतेकांनी अशीच पाहिली आणि म्हणून 'पहिला अर्धा छान, मग ढासळतो' हे मत पक्कं झालं.

२०१७ मध्ये मोठ्या पडद्यावर चित्रपट आला तेव्हा या वादाचा निकाल लागेल असं वाटलं होतं. पैसा भरपूर, सेन्सॉरची बंधनं नाहीत, तासांचं भांडण नाही. काय केलं त्यांनी? तीच वाटणी. पहिला चित्रपट निव्वळ मुलांचा, दुसरा, २०१९चा, मोठ्यांचा. पहिल्याने जगभर सुमारे ७० कोटी डॉलर कमावले, दुसऱ्याने ५० कोटींच्या आत. टीकाही तीच: मुलांचा भाग धरून ठेवतो, मोठ्यांचा रेंगाळतो. २९ वर्षांनी, कितीतरी पट पैसा ओतून, तोच अनुभव आला असेल तर दोष दोन रात्रींच्या साच्याला देता येत नाही. पहिला चित्रपट आला तेव्हा १९९० ते २०१७ अशी बरोबर २७ वर्षं झाली म्हणून लोकांनी योगायोगाचं कौतुक केलं, कारण कादंबरीतलं संकट दर २७ वर्षांनी जागं होतं. मालिकेत मात्र तो आकडा ३० आहे. २०२५ मध्ये याच विश्वाची पूर्वकथा सांगणारी नवी मालिका आली, १९६२ सालात घडणारी, एकाहून अधिक आठवडे चालणारी. गावाचा जो इतिहास १९९० मध्ये कापला गेला, त्याला आता जागा मिळाली.

आपल्या मुंबईतही ही गोष्ट एकदा येऊन गेली. १९९८ मध्ये एका खासगी हिंदी वाहिनीवर 'वोह' लागत असे. जोकर झाला होता उंचीने लहान, एरवी विनोदी कामांसाठी माहीत असलेला नट. मोठ्यांपैकी एक होता पुढे क्रिकेटवरच्या चित्रपटामुळे ऑस्करच्या अंतिम यादीपर्यंत गेलेला मराठी दिग्दर्शक आणि मुलांमध्ये होता पुढे मुक्या-बहिऱ्या गोलंदाजाच्या भूमिकेने नाव झालेला मराठी मुलगा. तिथे दोन रात्रींची अट नव्हती, मालिका आठवड्यामागून आठवडे चालली.

नावात मात्र काहीतरी निसटलं. हिंदीत नपुंसकलिंग नाही. 'वोह' म्हणजे तो किंवा ती, माणूसही आणि वस्तूही. इंग्रजी नावात माणूसपण नाही, शिवाय पकडापकडीत ज्याच्यावर राज्य असतं त्यालाही तिकडे तोच शब्द. मराठीत तो अर्थ आयता होता: 'ते'. खेड्यात रात्री सापाचं नाव घेत नाहीत, 'लांबडं' म्हणतात, 'जनावर' म्हणतात. अंगात आलेल्याला 'बाहेरचं' लागलंय म्हणतात. सगळे शब्द नपुंसकलिंगी, आणि सगळे मोठ्या माणसांनी मुलांसमोर आवाज उतरवून म्हटलेले.