श्रवणयंत्र आणि स्वतःचा आवाज

श्रवणयंत्र प्रथमच वापरणाऱ्याला स्वतःचा आवाज परका वाटणे आणि तो पुन्हा आपलासा वाटावा म्हणून त्याला केली जाणारी मदत. ‘माठात तोंड घालून बोलल्यासारखे वाटते’ ही यातील नेहमीची तक्रार होय. ती वेळीच ऐकून घेतली नाही, तर ‘कानाचे मशीन’ कपाटात पडून राहते.

बोलताना निर्माण होणारी कंपने जबड्याच्या व कवटीच्या हाडांतून कर्णनलिकेत येतात आणि एरवी कानाच्या उघड्या तोंडातून बाहेर पडतात. साच्याने (कानात बसवायच्या, कानाच्या मापाच्या यंत्राच्या भागाने) हे तोंड बंद झाले की ती आत कोंडतात व ५०० हर्ट्‌झच्या खालचे ध्वनी २० डेसिबेल किंवा त्याहूनही अधिक वाढू शकतात. कानांत बोटे घालून ‘ई’ लांबवून म्हटल्यास हा घुमारा कोणालाही अनुभवता येतो. ‘आ’ म्हणताना तो कमी असतो. दुसरे कारण यंत्राने आवाज वाढवणे हे होय.

यंत्र कानात ठेवून बंद केले तरी आवाज घुमत असेल, तर दोष मुख्यतः कोंडण्याचा असतो. अशा वेळी साच्यातील हवेचे छिद्र मोठे करतात किंवा उघडा डोम (साच्याऐवजी कानात बसणारी छिद्रांची मऊ टोपी) देतात. मात्र छिद्र वाढवल्यास यंत्र शिट्टी मारण्याची शक्यता वाढते, त्यामुळे तीव्र बहिरेपणात हा उपाय मर्यादितच राहतो. यंत्र सुरू केल्यावरच त्रास होत असेल, तर खालच्या पट्टीतील वाढ कमी करतात. ही तपासणी न करता ‘होईल सवय’ म्हणून घरी पाठवणे हा वापरणाऱ्यावर अन्याय आहे.

जुळणी नीट झाल्यावर उरलेली सवय काही आठवड्यांत होते. सकाळी घरच्या माणसासमोर वर्तमानपत्र मोठ्याने वाचणे उपयोगी पडते. स्वतःचा आवाज मोठा ऐकू येऊ लागल्याने पुष्कळ जण नकळत फार हळू बोलू लागतात, म्हणून समोरच्याने हाताने खूण करून आवाज किती मोठा हवा ते सांगावे. लोकलच्या गर्दीतले संभाषण नंतरसाठी ठेवावे.

मुंबईत वांद्रे रेक्लमेशन येथील, वाचा व श्रवणदोषांसाठीच्या अली यावर जंग राष्ट्रीय संस्थेत (स्थापना १९८३) आणि महापालिकेच्या नायर रुग्णालयात श्रवणतज्ज्ञ उपलब्ध असतात. सवय झाल्यावरही आवाज एकाएकी घुमू लागला, तर छिद्र आधी पाहावे. पावसाळी दमट हवेत घाम आणि मळ साचून ते बुजते.